सात इंचांची थट्टा

बाष्पयुगाची आगगाडी मेजावर हुबेहूब उभी करणाऱ्या इंग्लंडांतील छांदिष्टांत एक थट्टा फार जुनी आहे. कोणी आपल्या चिमुकल्या इंजिनाचा एकेक रिव्हेट कौतुकानें दाखवूं लागला, कीं दुसरा गंभीरपणें विचारतो, रुळांतले सात इंच कुठें सांडले?

थट्टेचें मूळ गणितांत आहे. तेथील लोकप्रिय 'डबल ओ' प्रमाणांत एक फूट म्हणजे ४ मिलिमीटर. खऱ्या रुळांमधील अंतर ४ फूट साडेआठ इंच. तें या मापानें १८.८३ मिलिमीटर भरावयास हवें. प्रत्यक्षांत असतें १६.५, म्हणजे अवघें ४ फूट दीड इंच! याचें कारण असें, कीं ब्रिटिश इंजिनें युरोपखंडांतील इंजिनांहून अंगानें लहान. साडेतीन मिलिमीटरच्या प्रमाणांत त्यांच्या पोटांत त्या काळची विजेची मोटर मावेना. म्हणून इंजिन वाढविलें. रूळ मात्र तेच ठेवले. १९३८ सालीं आलेल्या 'हॉर्नबी डब्लो'नें हेंच माप स्वीकारलें.

शुद्धतावाद्यांनीं पुढें १८.८३ चे रूळ घातले. त्यांच्या वांट्यालाही टोमणा आहेच: रूळ अचूक झाले, पण गाडी कधीं धांवणार? कारण अचूक मापाला बारीक चाकें, ऐसपैस वळणें आणि पुष्कळ जागा लागते. एकाला गाडी खरी दिसावयास हवी, दुसऱ्याला ती धांवावयास हवी. १९६८ सालीं ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफेची नित्य वाहतूक संपली. तिचें रूप आणि तिची गति यांची आठवण राखावयास हे दोघेही लागतात.