चिखलाआधी फिरवायची कळ

चारही चाकांना जोर देणारी गाडी, मग ती जीप असो की ट्रक, पक्क्या रस्त्यावर मागच्या दोन चाकांच्याच बळावर चालवतात. तरीही पुढची चाके आपल्याबरोबर आतला आंस, दंतचक्रे नि शाफ्ट उगाच फिरवीत राहतात. इंधन जाते, झीज होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराच्या जीपगाड्या सामान्यांच्या हाती आल्या, तेव्हा सिअ‍ॅटलच्या आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये यावरचा तोडगा विकायला काढला: चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे हबवर, बसवायची कळ.

कळ ‘फ्री’वर असली, की चाक एकटे फिरते, ‘लॉक’वर नेली, की आंसाशी जोडले जाते. व्याकरणाच्या भाषेत पहिला विग्रह, दुसरी संधी!

मात्र ही संधी खाली उतरून, हाताने साधायची, आणि तीही दोन्ही चाकांची. एकच जोडले, तर सारा जोर मोकळ्या बाजूने निसटतो. मग आत बसून दांडी ओढायची. कळा न फिरवता नुसती दांडी ओढली, तर पुढची चाके जोर लावीत नाहीत, आणि निसरडा उतार उतरताना इंजिनाचा लगामही त्यांना लागत नाही.

म्हणून वाचकहो, चिखल दिसताच उतरावे. तुंबे रुतल्यावर कळ चाचपणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे! कोरडा पक्का रस्ता लागताच दांडी आधी मागे घ्यावी. वळणावर पुढची-मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत आणि दंतचक्रांवर ताण येतो. कळा सवडीने सोडवाव्या.

हल्ली पुष्कळ गाड्यांत हे काम बटणावर होते. पण उतरणाऱ्याला पुढची वाट आधी पायांनी जोखता येते, हे विसरू नये.