परीकथा नसलेले फरिश्ते

लाकडाच्या फळीवर चित्र उलटे काढायचे. जे पांढरे दिसायला हवे ते कोरून टाकायचे. उरलेल्या उठावावर रूळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचे आणि कागद हळूच उचलायचा. काष्ठठशाची कला एवढीच. मात्र एकदा कोरलेली रेघ पुसता येत नाही, आणि एका फळीतून कितीतरी प्रती निघतात. म्हणूनच ज्यांना आपले म्हणणे थोड्या पैशांत सामान्यांच्या घरी पोचवायचे होते, त्यांनी ही कला जवळ केली. जर्मनीच्या केथे कोलवित्झ यांचा मुलगा १९१४ साली युद्धात मारला गेला. त्या दुःखातून त्यांनी कोरलेली युद्धावरची सात काष्ठचित्रे १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत ना रणांगण आहे, ना तोफा. आहेत ते आई, बाप, विधवा आणि मुले.

आपल्या मुंबईतही असा एक कलावंत राहून गेला, पण आपल्या घरांत त्याचे नाव फारसे कुणाला माहीत नाही. चित्तप्रसाद भट्टाचार्य यांचा जन्म १९१५ साली बंगालमधील नैहाटीचा. कलाशाळेचे शिक्षण नाही. १९४३ च्या दुष्काळात ते मिदनापूर भागात गावोगाव फिरले आणि भुकेने मरणाऱ्या माणसांची चित्रे काढली. त्या चित्रांच्या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या. १९४६ मध्ये ते मुंबईत आले आणि पुढची कित्येक वर्षे अंधेरीत गरिबीत राहिले.

लाकडाबरोबरच त्यांनी लिनोलियमवर पुष्कळ काम केले. हे लिनोलियम म्हणजे जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा तागाच्या कापडावर थापून केलेली जाड चादर. (ज्या जवसाची आपल्याकडे चटणी होते, तेच हे जवस.) लाकडापेक्षा ते मऊ आणि कोरायला सोपे. त्यावरच त्यांनी कष्टाला जुंपलेल्या, फूटपाथवर वाढणाऱ्या मुलांची एक मालिका कोरली. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘परीकथा नसलेले फरिश्ते’. १९६९ साली युनिसेफच्या डेन्मार्क समितीने ती प्रसिद्ध केली. १९७८ मध्ये चित्तप्रसाद वारले.

या चित्रांतला काळा रंग दाट आहे, मुलांचे डोळे मोठे आहेत, पण ती मुले बिचारी वाटत नाहीत. दया मागणारे चित्र काढणे सोपे असते. चित्तप्रसादांनी तसे केले नाही, आणि आम्हाला त्यांचे हेच मोठेपण वाटते.

मंद्रूपच्या परिसरात ही मुले शोधायला लांब जावे लागत नाही. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की वर्गातल्या काही जागा रिकाम्या होतात. सोलापुरात विड्या वळणाऱ्या घरांतून लेकीही आईच्या सुपाशी बसतात.

आम्ही वर्गात लाकूड आणत नाही; बटाटा, भेंडी आणि जुने खोडरबर पुरते. सजीवांचे चित्र काढणे ज्या घरांत पसंत नसते, तिथली मुले बेलबुट्टी किंवा ज्वारीचे कणीस कोरतात. त्यांना आम्ही अलिगढच्या झरीना हाशमींबद्दल सांगतो. झरीनांनी १९९९ मध्ये घराच्या आठवणींवर ३६ काष्ठचित्रे केली. त्यांत माणूस नाही. साध्या आकृत्या आहेत आणि प्रत्येकीखाली एक उर्दू शब्द. नाव कोरताना तर गंमतच होते. ठसा उलटा कोरायचा, त्यामुळे उर्दू नाव डावीकडून उजवीकडे जाते आणि मराठी नाव उजवीकडून डावीकडे.

यंदा सहावीतल्या एका मुलाने नाव कोरले नाही, कोयता कोरला. मूठ, वाकलेले पाते, पात्यावर दोन खाचा. सध्या तो घरच्यांबरोबर फडावर आहे. त्याच्या ठशाच्या दोन प्रती कपाटात जपून ठेवल्या आहेत. पाडव्याच्या सुमारास टोळी परतली की त्याला देऊ.