मोहाचा हंगाम, आग्या मोहोळ आणि घरखर्च : फुले वेचताना काय जपावे?

होळी झाली की चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावांत बोलण्याचे विषय ठरलेले असतात. पळस फुलून गेला का, मोहाला कुचे धरले का, यंदा फूल किती पडेल, आणि कोणत्या झाडावर आग्या मोहोळ बसले आहे. त्याच बोलण्यात हळूच घरचा खर्चही येतो. धान विकून झालेले असते, तेंदूपत्त्याला अजून महिना-दीड महिना असतो, आणि किराणा, मुलांची फी, लग्नाचा आहेर हे सगळे समोर उभे असते. या मधल्या दिवसांत घरात रोख पैसा आणणारे झाड म्हणजे मोह.

हा पैसा बिनभांडवली वाटतो, पण पूर्ण फुकट नसतो. झाडाखाली लावलेला जाळ, मोहोळ उठल्याने बसलेले डंख आणि नीट न वाळवलेले फूल, या तीन गोष्टी हंगामाची कमाई खाऊन टाकतात. तिन्ही टाळता येतात. कशा, ते पाहू.

आधी हिशेब किलोत मांडा

मोहाचा भाव गावागणिक आणि आठवड्यागणिक बदलतो. म्हणून खर्च रुपयांत न मोजता मोहाच्या किलोत मोजून पाहा. साधारणपणे चार ते पाच किलो ओल्या फुलांचे एक किलो वाळलेले फूल होते. समजा, तुमच्या घरातली माणसे रोज २० किलो ओले फूल वेचतात आणि हंगाम २० दिवस चालला. म्हणजे ४०० किलो ओले, आणि त्याचे ८० ते १०० किलो वाळलेले फूल.

आता समजा भाव किलोला ४० रुपये आहे. कोणाला मधमाशा चावल्या आणि गाडीभाडे, औषध व दोन माणसांची बुडालेली मजुरी मिळून १,६०० रुपये गेले. म्हणजे ४० किलो मोह गेला. ८० किलो धरले तर अर्धा हंगाम एका सकाळीत संपला. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावचा भाव आणि तुमचा खर्च घालून हा हिशेब घरात एकदा करा. मग पुढची खबरदारी कटकट वाटणार नाही.

झाडाचे काम कसे चालते

मोह फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळतो. फांद्यांच्या टोकांना तपकिरी, लवदार कळ्यांचे झुपके येतात. आपण वेचतो ते फुलाचे मांसल, गोड, पिवळसर पांढरे दल. फूल रात्री उमलते आणि पहाटेपासून सकाळी उशिरापर्यंत टपटप गळते. फुले गळून गेली तरी बीजधारणा झालेल्या फुलांचा तळ फांदीवरच राहतो आणि त्याचे पुढे फळ, म्हणजे टोळ, होते. त्यातल्या बियांचे तेल निघते. म्हणजे खाली पडलेले फूल वेचल्याने टोळ कमी होत नाहीत. पण काठीने झोडपून किंवा फांदी वाकवून फुले पाडली, तर कोवळे टोळ आणि पुढच्या वर्षीच्या डिरी दोन्ही जातात. म्हणून फूल आपोआप पडू द्यावे.

झाडाखाली जाळ नको

पाचोळ्यात फूल दिसत नाही म्हणून झाडाखालची पाने जाळण्याची सवय जुनी आहे. त्याचे चार तोटे आहेत.

- कोवळी रोपे जळतात. गावात म्हातारे मोह दिसतात, पण मांडीएवढे तरणे मोह फारसे दिसत नाहीत. वर्षानुवर्षे लागणारी आग हे त्याचे एक मोठे कारण आहे.
- बुंध्याची साल भाजते, त्या जागी कीड आणि कूज शिरते.
- फुलाला राख आणि माती लागते, व्यापारी भाव पाडतो.
- जवळ आग्या मोहोळ असेल तर धूर आणि आच लागून माशा उठतात.

शिवाय वाऱ्याने तो जाळ जंगलात गेला तर वणवा होतो. राखीव जंगलात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

जाळण्याऐवजी फुले पडायला लागण्याच्या आठवडाभर आधी फांद्यांच्या घेराएवढी जागा खराट्याने झाडून घ्या. पाचोळा बुंध्यापासून दूर ओढून त्याचे कंपोस्ट करा, किंवा तो धानाच्या बांधीत टाका. याहून बरे म्हणजे झाडाखाली जुनी लुगडी जोडून किंवा हिरवी शेडनेट चार खुंट्यांना गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधणे. फूल जमिनीला लागत नाही, कमरेत वाकून वेचावे लागत नाही, आणि स्वच्छ फुलाला भाव मागता येतो. नेट नीट घडी करून ठेवली तर पुढच्या हंगामातही कामी येते.

कोणती माशी ती ओळखा

आपल्या भागात मधमाश्या चार प्रकारच्या दिसतात.

- आग्या : सर्वांत मोठी. उंच झाडाच्या फांदीला, कड्याला किंवा मोठ्या इमारतीला उघड्यावर एकच मोठे पोळे लावते. एका पोळ्यावर हजारो माशा असतात, आणि एकाच झाडावर अनेक पोळी असू शकतात.
- सातेरी : झाडाच्या ढोलीत, अंधाऱ्या जागी अनेक पोळी लावते. हिला पेटीत पाळतात.
- फुलोरी : लहान माशी, झुडपात तळहाताएवढे एकच पोळे.
- पोया : अगदी बारीक, नांगी नसलेली.

गांधीलमाशी ही मधमाशी नव्हे. तिचे घर कागदासारखे असते आणि ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. मधमाशीची नांगी मात्र काटेरी असल्याने कातडीत रुतून राहते.

सगळ्यांत जपायचे ते आग्याला. एका माशीने डंख मारला की त्या जागेवरून पिकल्या केळासारखा वास सुटतो. तो वास इतर माशांना हल्ल्याची खूण असतो, म्हणून एक डंख बसल्यावर तिथेच थांबून हात झटकणे सर्वांत घातक.

तरीही मोहोळ जाळून टाकू नका. काकडी, कारले, दोडके, भोपळा या पिकांची फळधारणा मधमाशांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. वावरात फवारणी करायचीच असेल तर फुलोऱ्यात टाळा, आणि अगदी गरज पडली तर संध्याकाळी माशा परतल्यावर करा.

वेचायला जाताना

- आदल्या दिवशी उजेडात झाडाच्या शेंड्याकडे आणि शेजारच्या झाडांकडे पाहून घ्या. मोहोळ असेल तर ते झाड सोडा, किंवा लांबूनच आणि आवाज न करता वेचा.
- मोहोळाखाली विडी, जाळ, धूर नको. दगड मारू नका, मुलांनाही मारू देऊ नका.
- उग्र वासाचे तेल किंवा अत्तर लावू नका. अंगभर, फिक्या रंगाचे कपडे घाला. डोक्याला फडके बांधा.
- सोबत एक जाड चादर ठेवा. माशा उठल्या तर ती अंगावर घेता येते.
- अंधारात जाऊ नका. वाघ आणि अस्वल याच वेळी फिरतात, आणि अस्वलाला मोहफूल आवडते. चार-पाच जणांनी मिळून उजाडल्यावर जा. सगळ्यांनी एकाच वेळी वाकू नये, एकाने उभे राहून चौफेर लक्ष ठेवावे.

माशा उठल्याच तर

तोंड आणि डोळे झाका आणि सरळ रेषेत लांब पळा. घर, बंद गाडी, मच्छरदाणी मिळेल तिथे शिरा. हात फिरवू नका. बोडीत किंवा तलावात उडी मारू नका. माशा वर घिरट्या घालत राहतात, आणि बुडण्याचा धोका वेगळाच.

सुरक्षित जागी आल्यावर नांग्या लगेच काढा. नखाने खरवडून काढा किंवा चिमटीने ओढा, पण उशीर करू नका, कारण रुतलेली नांगी विष सोडत राहते. जागा साबण-पाण्याने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा. रॉकेल, चुना, माती लावू नका. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढा.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर थांबू नका, १०८ ला फोन करा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या :

- ओठ, जीभ, घसा सुजणे, श्वास लागणे
- अंगभर गांधी उठणे, चक्कर, उलट्या, बेशुद्धी
- तोंडाच्या आत किंवा घशात डंख
- एकाच वेळी पुष्कळ डंख, लहान मूल, म्हातारे माणूस किंवा गरोदर बाई

पुष्कळ डंख बसले असतील तर माणूस त्या दिवशी बरा वाटला तरी दाखवा. एक-दोन दिवसांनीही मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. लघवी कमी होणे किंवा चहासारखी गडद होणे ही त्याची खूण आहे.

मध काढायचा असेल तर

रात्री पेटता टेंभा लावून माशा जाळायच्या आणि अख्खे पोळे तोडायचे, ही पद्धत सोडून द्यावी. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या बाजूला, फांदीलगतच्या जाड भागात असतो. खालच्या मोठ्या पातळ भागात अंडी आणि अळ्या असतात. संरक्षक पोशाख घालून, थोडा थंड धूर देऊन, फक्त मेणाने झाकलेला मधाचा भाग कापला आणि अळ्यांचा भाग तसाच ठेवला, तर माशा सहसा टिकतात आणि मधाचा भाग पुन्हा बांधतात. त्याच पोळ्यातून हंगामात पुन्हा मध मिळू शकतो. पोळे हाताने पिळू नका. अळ्यांचा रस मिसळून मध आंबतो. मधाचा तुकडा कापून स्वच्छ कापडातून गळू द्या.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. माशा न मारता मध काढण्याचा विचार त्या गावाने अभ्यास करून पुढे नेला. वनहक्क कायदा, २००६ नुसार मध, मेण, मोह हे गौण वनोपज आहे, आणि हक्कधारकांना ते गोळा करण्याचा व विकण्याचा अधिकार आहे. झाडावर चढून मध काढणे हे प्रशिक्षणाशिवाय आणि पोशाखाशिवाय कोणीही करू नये.

वाळवण, साठवण आणि विक्री

फूल शेणाने सारवलेल्या मातीवर न पसरता ताडपत्रीवर किंवा जमिनीपासून उंच मांडवावर पातळ पसरा. दिवसातून दोन-तीनदा उलटा, रात्री झाका. मूठ दाबून सोडली की फुले एकमेकांना न चिकटता सुटी झाली, तर वाळवण झाले. आत प्लास्टिक असलेल्या चुंगडीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि फळीवर ठेवा. ओल लागली की बुरशी येते.

हंगामात सगळेच विकायला काढतात म्हणून भाव पडतो, आणि पावसाळ्यात तेच फूल महाग मिळते. सगळे रोखून धरणे परवडणार नाही. म्हणून असे करा : अडलेल्या खर्चापुरते लगेच विका, काही घरी खाण्यासाठी ठेवा, आणि उरलेले बचत गटातून किंवा ग्रामसभेतून एकत्र विका. मापात काटा आपला असावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कृषी सहायक, वनरक्षक आणि आशाताई यांनी मोह पडण्याआधी एक बैठक एकत्र घ्यावी. मोहोळाची झाडे कोणती, जाळ न लावण्याचा ग्रामसभेचा ठराव, नेटची सामायिक खरेदी आणि जवळचे आरोग्य केंद्र, एवढे चार विषय तासाभरात होतात. बैठक पुरुषांच्या सोयीने रात्री न ठेवता बायांच्या वेळेला ठेवा, कारण फुले वेचायला बहुतेक त्याच जातात.

आज घरी परतताना आपल्या वाट्याच्या मोहाखाली थोडा वेळ उभे राहा. वर मोहोळ आहे का आणि खाली एखादे कोवळे रोप जगले आहे का, ते पाहा. रोप दिसले तर त्याभोवती काटेरी फांद्या लावा. ते फुलायला अनेक वर्षे लागतील, पण तेव्हा त्याखाली तुमची नातवंडे वेचायला येतील.