समुपदेशकाकडे जाताना : त्यांनी पाळायचे नियम आणि आपले हक्क

आपल्या भागात घरातल्या कुणाचे मन बिघडले की पहिली वाट बहुधा गाणगापूरची धरली जाते. दत्तमहाराजांवर आपली श्रद्धा आहे, आणि तिथे जाऊन कुणाला धीर मिळत असेल तर त्यात वावगे काहीच नाही. पण अलीकडे भालकी, बसवकल्याण, औराद, आळंदकडची मंडळीही समुपदेशकाकडे जाऊ लागली आहेत. बारावी आणि नीटसाठी मुले लातूरला खोली करून राहतात, ताण घेऊन घरी येतात, आणि आई-वडिलांना काय करावे ते सुचत नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरातली मुलगी अशीच एका समुपदेशकाकडे जात होती. तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पुढे एका लग्नाच्या पंगतीत तिच्या काकांच्या कानावर आली. त्यानंतर ती कुणाकडेच गेली नाही. समुपदेशकाचा हेतू वाईट नसेलही, पण नियम मोडला गेला होता. असा काही नियम असतो हेच त्या घरात कुणाला ठाऊक नव्हते. म्हणून ही माहिती.

कोण कोण असते?

मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात. औषध तेच लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, चाचण्या घेतात आणि बोलण्यातून उपचार करतात, पण औषधे देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. १९९२ च्या कायद्याने ही परिषद स्थापन झाली. तिसरे समुपदेशक. इथे मात्र चार दिवसांचा कोर्स केलेलाही पाटी लावू शकतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात इतर मानसशास्त्रज्ञांचाही समावेश झाला आहे, पण तेवढ्यावर विसंबून राहू नये. ‘आपले शिक्षण काय, नोंदणी क्रमांक काय?’ असे नम्रपणे विचारावे. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण योग्य ठिकाणी पाठवणे हाही त्यांच्या आचारसंहितेचाच भाग आहे.

गुप्तता आणि तिची मर्यादा

बँकेत रुजू होताना आम्ही निष्ठा व गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली होती. शेजाऱ्याच्या खात्यात किती शिल्लक आहे हे घरीही सांगायचे नाही, हे तेव्हापासून अंगवळणी पडले. पैशांच्या बाबतीत एवढी काळजी, तर मनाच्या बाबतीत किती हवी! २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील कलम २३ ने हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. उपचार करणाऱ्या सर्वांवर गुप्तता राखण्याचे बंधन आहे. कलम २४ नुसार संमतीशिवाय रुग्णाचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही. कलम २५ नुसार रुग्णाला आपली कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे.

मात्र गुप्ततेला अपवाद आहेत. जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढीच माहिती देता येते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवावेच लागते.

याबाबत अमेरिकेतला एक खटला जगभर शिकवला जातो. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने एका तरुणीला मारण्याचा विचार मानसशास्त्रज्ञाला बोलून दाखवला. त्यांनी विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले, पोलिसांनी त्याला थोडा वेळ अडवून सोडून दिले. तरुणीला मात्र कुणीच सावध केले नाही आणि पुढे तिचा खून झाला. १९७६ मध्ये तिथल्या न्यायालयाने ठरवले की, ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्या रक्षणाची जबाबदारी उपचारकावरही येते. म्हणजे गुप्तता मोडायची ती जीव वाचवण्यासाठी. पंगतीतल्या गप्पांसाठी नव्हे.

लहान गावातल्या अडचणी

आपल्याकडे सगळेच एकमेकांचे पाहुणे. म्हणून नियम सांगतो की नात्यातल्या, शेजारच्या किंवा व्यवहारातल्या माणसावर समुपदेशकाने शक्यतो उपचार करू नयेत. त्याच्याकडून उसने घेऊ नये, त्याच्या घरी सोयरीक सुचवू नये. अशा वेळी दुसऱ्याचे नाव सुचवणे हा तुसडेपणा नव्हे, कर्तव्य आहे.

दुसरी अडचण भाषेची. आजी मराठी बोलते, समुपदेशक कन्नड, आणि मधे दुभाषी म्हणून सून बसते. आजीची तक्रार सुनेबद्दलच असेल तर ती बोलेल का? अशा वेळी मराठी जाणणारी, घराबाहेरची व्यक्ती मागावी. ती मागणी रास्त आहे.

तिसरी अडचण आम्हा पालकांची. १८ वर्षांखालील मुलासाठी पालकांची संमती लागते, पण त्याचा प्रत्येक शब्द आम्हाला कळला पाहिजे असा अर्थ होत नाही. काय कळवले जाईल आणि काय नाही, हे पहिल्याच भेटीत मुलासमोर ठरवून घ्यावे. फी किती, भेटी साधारण किती आणि उपचार कधीही थांबवता येतात का, हेही तेव्हाच विचारावे.

तक्रार आणि मदत

नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाविरुद्ध पुनर्वास परिषदेकडे आणि डॉक्टरांविरुद्ध कर्नाटक वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. तारीख, पावती आणि घडलेली हकिगत लिहून ठेवावी. आमचा बँकेतला अनुभव सांगतो की, तोंडी तक्रारीची दखल क्वचितच घेतली जाते.

तातडीची मदत हवी असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा मोफत आणि चोवीस तास आहे, आणि मराठी व कन्नडसह अनेक भाषांत बोलता येते. बिदरच्या ब्रिम्स आणि कलबुर्गीच्या जिम्स रुग्णालयांतही मनोविकार विभागात दाखवता येते.

त्या मुलीच्या घरच्यांना हे आधी माहीत असते, तर त्यांनी दुसरा चांगला समुपदेशक शोधला असता. सगळेच तसे असतात म्हणून दार बंद केले नसते. आपल्या ओळखीत कुणी अशा वाटेवर असेल, तर त्यांना हे जरूर सांगावे.