कोळगावच्या आसपासच्या पायवाटा

पालघर शहराच्या उत्तरेस, बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळगाव हे गाव आहे. येथील व शेजारच्या गावांची विस्तीर्ण जमीन पूर्वी सरकारच्या दुग्धविकास खात्याकडे होती व तीवर दूरवर गवताची कुरणे पसरलेली असत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा नवा जिल्हा निर्माण झाला आणि त्याच्या मुख्य कचेऱ्यांसाठी कोळगावची जागा निवडण्यात आली. २०२१ साली तेथे जिल्हाधिकारी कार्यालयाची भव्य इमारत उभी राहिली. कुरणाच्या जागी रुंद रस्ते झाले. कामानिमित्त तेथे येणारी माणसे मोटारीने येतात आणि मोटारीनेच परत जातात. परंतु कचेरीकडे पाठ करून पश्चिमेस पाहिले तर दर्या आणि पूर्वेस पाहिले तर डोंगर, या दोहोंच्या मध्ये आपण उभे आहोत, हे त्यांतील फार थोड्यांच्या ध्यानात येते.

उत्तर कोकणची ही किनारपट्टी लांबच लांब पट्ट्यांची बनलेली आहे. अगदी पश्चिमेस वाळूचा पट्टा व त्यावर सुरूची झाडे. त्याच्या आत गोड्या पाण्याच्या विहिरींवर पोसलेल्या नारळी-केळीच्या वाड्या. वाड्यांच्या मागे खाजण, म्हणजे भरतीचे पाणी शिरते अशी खारट चिखलाची सखल जमीन. तेथे तिवरांखेरीज दुसरे झाड सहसा जगत नाही. खाजणाच्या पूर्वेस भातशेती, मग लोहमार्ग, आणि त्याच्याही पलीकडे काळ्या खडकाचे डोंगर. एका दिवसात पायी चालून हे सर्व पट्टे ओलांडता येतात. मुलांनी व वृद्धांनीही सहज चालावे, अशा वाटा या भागात पुष्कळ आहेत.

त्यांतील सर्वांत सोपी वाट शिरगावच्या किनाऱ्याची होय. तेथून वाळूवरून उत्तरेस चालत गेले की सातपाटी हे कोळ्यांचे मोठे गाव लागते. या वाटेवर चढ नाही, काटे नाहीत, चुकण्याची भीती नाही. भीती आहे ती एकाच गोष्टीची, आणि ती म्हणजे भरती. येथील किनारा अतिशय सपाट आहे. उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळीत सुमारे ५ मीटरांचे अंतर पडते. त्यामुळे ओहोटीला पाणी फार लांब जाते व पुळणीचे मोठे मैदान उघडे पडते; परंतु परत येताना ते तितक्याच त्वरेने येते. शिवाय ते नेहमी समोरूनच येईल असे नाही. वाळूत जेथे खोलगट पन्हळी असतात, त्यांतून ते आधी मागच्या बाजूस शिरते. लाटांकडे पाहत उभ्या राहिलेल्या माणसाच्या पाठीमागे गुडघाभर पाणी झाले, तरी त्याला त्याचा पत्ता नसतो. खाडीच्या मुखाजवळ तर वाळू संपून चिखल लागतो. तो वरून घट्ट दिसतो, पण पाय पडताच आत खेचतो. खाडी पायी ओलांडण्याचे धाडस तेथील कोळीही करीत नाहीत.

मग या वाटेने जावे तरी केव्हा? किनाऱ्यावरील लोकांजवळ याचे एक सोपे गणित आहे. त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस ३ वाजता, अष्टमीस ६ वाजता, द्वादशीस ९ वाजता आणि पौर्णिमेस किंवा अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास भरती येते. दिवसातून भरती दोनदा येते आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. म्हणजेच भरतीची वेळ दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. याचे कारण चंद्र होय. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी करीत असता चंद्रही आपल्या मार्गावर थोडा पुढे गेलेला असतो, व त्याला पुन्हा गाठण्यास पृथ्वीला तेवढा वेळ अधिक लागतो. आता पंचमीचा दिवस घ्यावा. भरती पहाटे पावणेचारला, म्हणून पूर्ण ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. साडेआठला शिरगावहून निघालेला मनुष्य ओसरत्या पाण्याबरोबर चालत जातो व पाणी वळण्यापूर्वी सातपाटीस पोहोचतो. हे गणित स्थूल आहे, हे मात्र विसरू नये. निघण्यापूर्वी भरतीचे छापील कोष्टक पाहावे किंवा जाळे विणीत बसलेल्या एखाद्या वृद्ध कोळीबाबांना विचारावे. ते पंचांग न उघडता उत्तर देतात.

शिरगावात समुद्राजवळच एक किल्ला आहे. तो लहान असला तरी त्याचे बुरूज व तट अद्याप चांगले उभे आहेत. पूर्वी हा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १७३९ सालच्या आरंभी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम, शिरगाव, तारापूर ही ठाणी एकामागून एक मराठ्यांनी घेतली. तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. किल्ल्याच्या आत एक नवलाचे झाड दिसते. ताडाला फांद्या नसतात असे आपण समजतो, पण या जातीच्या ताडाचे खोड वर जाऊन दुभंगते व त्याला फांद्या फुटतात. लोक त्याला रावणताड म्हणतात. दहा तोंडांच्या रावणाचे नाव त्याला साजेसेच आहे.

सातपाटीचे नाव पापलेटामुळे दूरवर गेले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने रुपेरी पापलेटास राज्यमाशाचा मान दिला. त्यामागे कौतुकापेक्षा काळजी अधिक होती. अंडी न घातलेली लहान पिले बारीक आसाच्या जाळ्यांत सापडू लागल्यामुळे हा मासा वर्षानुवर्षे कमी होत चालला आहे. किनाऱ्याची काळजीही तशीच आहे. पावसाळ्यातील उधाणाच्या लाटा किनाऱ्याची माती ओढून नेतात, आणि घरांच्या रक्षणासाठी बांधलेल्या दगडी बंधाऱ्यालाही ठिकठिकाणी भगदाडे पडतात. बंधाऱ्याच्या कडेने चालणाऱ्या मनुष्यास एका बाजूस लाटा व दुसऱ्या बाजूस घरांची अंगणे दिसतात. मध्ये अंतर फारसे नसते.

सातपाटीहून पालघरास जाणारा रस्ता आज वाहनांनी गजबजलेला असतो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी किनाऱ्यावरील गावांतून हजारो माणसे 'चले जाव'च्या चळवळीत पालघरच्या कचेरीवर मोर्चा घेऊन चालत गेली. पोलिसांनी गोळीबार केला. सातपाटीचे काशिनाथ पागधरे यांच्यासह पाच जण धारातीर्थी पडले. त्यांचे स्मारक पालघरात आहे, आणि दर वर्षी त्या दिवशी लोक तेथे जमतात.

डोंगराची हौस असणाऱ्यांनी पूर्वेस जावे. पालघरहून मनोरकडे जाणारा रस्ता ज्या खिंडीतून जातो, तिला वाघोबाची खिंड म्हणतात. खिंडीत वाघोबाचे देऊळ आहे. वारली लोकांच्या देवांत वाघाला मोठा मान आहे. रानात राहावयाचे तर रानाच्या धन्याशी सलोखा हवा, असा त्यांचा व्यवहार. येथूनच काळदुर्गाची पायवाट वर चढते. समुद्रसपाटीपासून ४५० मीटरांहून अधिक उंचीचा हा किल्ला असला, तरी त्याला ना तट, ना दरवाजा. माथ्यावर चौकोनी पेटीसारखा एक प्रचंड कातळ आहे व थोडी खोदीव टाकी आहेत. शत्रूशी लढण्यापेक्षा घाटाच्या वाटेवर नजर ठेवण्यासाठीच ही जागा वापरीत असावेत, असे वाटते. चढ शिरगावच्या वाटेइतका सोपा नाही, पण सावकाश चालणाऱ्यास तो दमवीत नाही. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो आणि चैत्र-वैशाखात ऊन सोसवत नाही. म्हणून दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ उत्तम. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे.

माथ्यावरून पूर्वेस सूर्या नदीचे खोरे दिसते. पश्चिमेस खाली पालघरची घरे, कोळगावच्या नव्या इमारती, लोहमार्गाची रेघ, भाताची खाचरे, तिवरांचा हिरवा पट्टा, आणि शेवटी समुद्र. हवा स्वच्छ असली तर सातपाटीच्या होड्याही ठिपक्यांसारख्या दिसतात. या डोंगरांत बिबट्याचा वावर आहे, म्हणून सूर्य समुद्रात बुडेपर्यंत माथ्यावर कोणी थांबत नाही. चार वाजले की माणसे उतरू लागतात, आणि खिंडीतल्या देवळापाशी आल्यावर हातपाय धुऊन पालघरकडे जाणाऱ्या एस. टी.ची वाट पाहतात.