कुत्र्यांचा हंगाम

समुद्रकिनारा म्हटला कीं आपणांस मुलांची सुटी, भेळ आणि ओल्या वाळूचे किल्ले आठवतात. इंग्लंडच्या पूर्वेस, नॉरफोक परगण्यांत, किनाऱ्याला याहून निराळा असा एक दुसराहि हंगाम असतो. आणि तो ऐन थंडींत येतो. साधारणपणें मे ते सप्टेंबर या महिन्यांत तेथील स्थानिक मंडळें स्नानाच्या किनाऱ्यांवर कुत्रीं आणण्यास मनाई करितात. ती मुदत संपली कीं किनारा कुत्र्यांचा होतो. अलीकडे नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या घरींहि कुत्रें आलें आहे, आणि हिंवाळ्यांत भेटीस गेलेल्या आईवडिलांच्या हातीं एके दिवशीं त्याचा पट्टा येतोच. ज्यांच्या लहानपणीं कुत्रें ओसरीच्या वर चढत नसे, त्यांना हा प्रसंग थोडा अवघडच वाटतो. धर्मराजानें ज्याच्यासाठीं स्वर्गाचा रथ अडवून धरला त्या प्राण्याला आपण उंबऱ्याबाहेर कां ठेविलें, हा प्रश्न मात्र तूर्त बाजूस ठेवूं.

डिसेंबरांत तेथें सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आंतच मावळतो. वारा उत्तर समुद्रावरून थेट अंगावर येतो. ओहोटीच्या वेळीं पाणी इतकें दूर जातें कीं होकमसारख्या किनाऱ्यावर लाटांची नुसती पांढरी रेघ दिसावी. अशा मोकळ्या, ओल्या वाळूवर पट्टा सोडल्यावर कुत्र्याला होणारा आनंद पाहण्यासारखा असतो. तें सरळ धांवतच नाहीं. शेवाळ, शिंपले, वाहून आलेलें लाकूड, प्रत्येकाचा वास घेत मोठमोठीं वर्तुळें काढतें. त्याच्या मागें चालणारा मनुष्य, एरवीं ज्यानें थंडींत शेगडी सोडली नसती, दोन-तीन मैल सहज चालून जातो.

पण याच आनंदांत एक धोका दडलेला आहे, आणि त्याची कल्पना आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांतून आलेल्यांना सहसा नसते. चेंडूमागें किंवा पक्ष्यामागें कुत्रें लाटांत शिरतें, प्रवाह त्याला थोडें आंत ओढतो, आणि त्याचा धनी कोटाबुटांसह त्याच्यामागें उडी घेतो. पुढें कुत्रें आपलें आपण बाहेर येतें, मनुष्य येत नाहीं. ब्रिटनच्या किनाऱ्यांवर असे मृत्यु अनेकदां घडलेले आहेत. याचें कारण समजण्यासारखें आहे. फेब्रुवारींत तेथील पाण्याची उष्णता ५ ते ७ अंश सेंटिग्रेडच्या आसपास असते. १५ अंशांहून थंड पाण्यांत मनुष्य एकाएकीं पडला तर त्याच्या छातींतून अनावर धाप लागते, श्वासावर ताबा राहत नाहीं, आणि त्याच क्षणीं लाट तोंडावर आली तर पाणी फुप्फुसांत जातें. हृदयावरहि मोठा ताण पडतो. पट्टीचा पोहणारासुद्धां यांतून सुटत नाहीं. पहिलीं एक-दोन मिनिटें उताणें तरंगत राहिल्यास ही धाप ओसरते. परंतु कुत्र्याला धरण्यास निघालेला मनुष्य तरंगत राहण्याच्या मनःस्थितींत कसा असणार?

१८२४ सालीं स्थापन झालेली रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन ही संस्था याबाबत अगदीं स्पष्ट सांगते: कुत्र्यामागें पाण्यांत उतरूं नका. जेथून त्याला सुखरूप वर येतां येईल अशा जागीं जाऊन उभे राहा, हांका मारा, आणि ९९९ क्रमांकावर कोस्टगार्डची मदत मागा. संस्थेच्या होड्या कुत्र्यांसाठींहि निघतात. कारण होडी गेली नाहीं तर धनी जाईल, हें त्यांना अनुभवानें ठाऊक आहे.

भरतीचें वेळापत्रक पाहिल्यावांचून मात्र निघूंच नये. या सपाट किनाऱ्यांवर पाणी समोरूनच येतें असें नाहीं. तें मागच्या खाड्यांतून चढतें, आणि आपण उभे असलेला वाळूचा पट्टा बेट होऊन जातो. वेल्स येथें भरती चढूं लागली कीं भोंगा वाजवितात.

आतां दुसऱ्या बाजूचा विचार. हा हंगाम कुत्र्यांचा म्हटला तरी किनाऱ्याचे खरे हिंवाळी रहिवासी निराळेच आहेत. ब्लेकनी पॉइंट आणि हॉर्सी येथें नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत करड्या सीलांच्या माद्या वाळूवर येऊन वितात. पिलें पांढऱ्या लोंकरीचीं असतात, आणि तीन आठवडे आईच्या अतिशय स्निग्ध दुधावर वाढतात. त्या अवधींत आई जवळजवळ उपाशीच असते. सुटें कुत्रें मध्यें घुसलें तर आई पाण्याकडे पळते, आणि कधीं कधीं परत येत नाहीं. उलट ती चिडून उलटली तर तिचा चावा कुत्र्याला फार महागांत पडतो. म्हणून तेथें दोऱ्या बांधून वाट आंखलेली असते आणि स्वयंसेवक पहारा देतात. लाटेच्या कडेनें तुरुतुरु पळणारे सँडरलिंग पक्षी तर थेट उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांतून आलेले. दिवस आंखूड आणि ओहोटीचे तास मोजके. तेवढ्यांत पोट भरलें नाहीं तर थंड रात्र काढणें कठीण. 'आमचें कुत्रें त्यांना पकडीत नाहीं,' असें धनी म्हणतात. खरें आहे, पण दिवसांतून वीसदां उडावें लागल्यावर पकडण्याची गरजच काय? आपल्या कोंकणांत कासवांनीं थंडींत घातलेलीं अंडीं गांवचीं कुत्रीं उकरून खातात, तें नुकसान निदान डोळ्यांना दिसतें.

आमच्या मतें सील किंवा थवे दिसतील तेथें पट्टा बांधलेलाच असावा, आणि रिकाम्या वाळूवर, पाण्यापासून दूर, तो खुशाल सोडावा. चेंडू समुद्राकडे न फेंकतां किनाऱ्याच्या लांबीनें फेंकावा. बरोबर गोडें पाणी न्यावें. तहानलेलें कुत्रें समुद्राचें पाणी पितें आणि मग ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. घरीं आल्यावर पाय व पोट गोड्या पाण्यानें धुवून कोरडें करावें. एखादें लॅब्रॅडोर थंड पाण्यांत फार पोहल्यावर दुसरे दिवशीं शेंपूट लुळें सोडून उभें राहतें, आणि घरांतील मंडळी घाबरतात. स्नायूंना आलेला तो ताण बहुधा कांहीं दिवसांत ओसरतो. दुखत असेल तर पशुवैद्यास दाखवावें, आणि शेंपूट पुन्हां हालूं लागेपर्यंत त्याला पाण्यापासून दूर ठेवावें.