समरकंद-बुखाराची सफर : जास्तीचा पैसा कुठे लावावा?

अम्मी-अब्बांना समरकंद-बुखारा दाखवायचं, तेही आरामात, असा बेत असेल तर आधी तारखा ठरवा. आपल्या शाळांना सुट्ट्या मे-जूनमध्ये असतात, पण जूनमध्ये उझबेकिस्तानातही कडक ऊन असतं. वयस्कर मंडळी आणि मुलांची शाळा, दोन्ही पाहता दिवाळीची सुट्टी बरी. गरम कपडे मात्र सोबत हवेत.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या मिळतो. दिल्लीहून ताश्कंद विमानाने साधारण तीन तास. आपल्याला अकोला-बडनेऱ्याहून आधी दिल्ली गाठायची असते, म्हणून तिथे एक रात्र मुक्काम ठेवा.

महाग पॅकेज म्हणजे सोयीचं पॅकेज, असं समजू नका. बुखाऱ्याच्या जुन्या शहरात चालावं लागतं. 1127 चा कल्याण मिनार आणि मशीद जवळ असेल असंच हॉटेल घ्या. शहराबाहेरच्या पंचतारांकित हॉटेलात रोज ये-जा करून बुजुर्ग थकतात. ताश्कंद-समरकंद ‘अफ्रोसियाब’ या वेगवान रेल्वेने दोन-अडीच तासांत होतं. तिकिटं लवकर संपतात.

रेगिस्तानचे तीन मदरसे प्रत्येक एजंट दाखवतो. इमाम बुखारी (रह.) यांची मजार मात्र समरकंद शहराबाहेर आहे. तिच्यासाठी अर्धा दिवस आणि वेगळी गाडी, हे लेखी घ्या.

पॅकेजवर घेतलेल्या टीसीएसची पावती जपा. ती रक्कम इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळती करून घेता येते.